शिष्यांना गुरुपदापर्यंत नेणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

पर्युषण पर्वात स्तवने म्हणणारी, शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणारी, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक व प्रवेशिका परीक्षांना बसणारी मुले-मुली नगर शहरात आणि तालुक्यांच्या गावीही आहेत. दहावीचे वर्ष आले की त्यांतील अनेकांचे गाणे थांबते. हौसेने शिकणारे मूल पुढे कलेवर उभे राहू शकेल काय, त्याच्या चरितार्थाचे काय, ही पालकांची चिंता नवी नाही. ज्या थोर पुरुषाच्या विद्यालयाचे नाव या परीक्षांना लाभले आहे, त्यांनी आपले अवघे आयुष्य याच चिंतेचे उत्तर शोधण्यात वेचले.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या स्फोटात विष्णूच्या डोळ्यांना जबर इजा झाली, दृष्टी कायमची अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. उपचारांसाठी मिरजेस आणलेल्या या मुलाचा गोड गळा तेथील जाणत्यांच्या ध्यानी आला. मिरज संस्थानाच्या आश्रयाने तो ग्वाल्हेर घराण्याचे महान गायक पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. सुमारे नऊ वर्षे ही तपश्चर्या चालली.

याच काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतील या तरुण शिष्यास आले, परंतु प्रत्यक्ष गुरूंना आले नाही. चौकशी करता, गवयाला कशाला बोलवायचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ज्यांच्या गाण्यावर दरबार डोलतो त्यांना पंक्तीत मात्र स्थान नाही, हे शल्य विष्णुबुवांच्या मनात खोल रुतले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. वाटेत काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. गाणे राजवाड्याबाहेर पडून सामान्य श्रोत्यांच्या पैशावर उभे राहू शकते, याचा हा प्रयोग त्या काळी अपूर्वच म्हणावा लागेल.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. परका प्रांत, परकी भाषा आणि पदरी संस्थानिकाचा आश्रय नाही. अशा स्थितीत विद्यालय लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि बुवांच्या जलशांच्या उत्पन्नावर चालू झाले. सायंकाळी नोकरदार व विद्यार्थी हौसेने शिकावयास येत. त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तके तयार झाली, स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धत सिद्ध झाली, छापखाना निघाला. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले.

परंतु हौशी विद्यार्थ्यांनी विद्या टिकत नाही, ती पुढे नेणारे हवेत, हे बुवांनी पुरते ओळखले होते. म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. महाराष्ट्रातून होतकरू मुले आणावयाची, त्यांच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा भार विद्यालयाने उचलावयाचा आणि मुलांनी नऊ वर्षे तेथे राहण्याचा करार करावयाचा, अशी ती व्यवस्था होती. कोवळ्या वयाच्या मुलास नऊ वर्षे बांधून घेणे आजच्या दृष्टीने कठोर वाटेल. बुवांची शिस्तही कडक होती. मात्र या वर्षांत मुलगा नुसता ऐकत बसत नसे. स्वतःचा रियाज सांभाळून तो खालच्या वर्गांना शिकवी आणि गुरूंच्या दौऱ्यात त्यांच्यामागे बसून साथ करी. विद्यालय कसे चालते, हेही तो तेथे राहूनच शिकत असे. शिकणे आणि शिकवणे यांत बुवांनी भिंत ठेवलीच नाही. म्हणूनच नऊ वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती विद्या आणि चरितार्थाचे साधन ही दोन्ही असत.

विनायकराव पटवर्धन हे याचे ठळक उदाहरण होय. मिरजेच्या संस्थानिकांची शिष्यवृत्ती घेऊन १९०७ साली ते लाहोरला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. भडोचच्या ओंकारनाथ ठाकुरांची घरची स्थिती अत्यंत हलाखीची. एका पारशी दात्याच्या साहाय्याने ते मुंबईच्या विद्यालयात दाखल झाले आणि विशीच्या उंबरठ्यावर असतानाच गुरूंनी त्यांना लाहोर विद्यालयाचे प्राचार्यपद दिले! एवढ्या कोवळ्या वयाच्या शिष्यावर इतका विश्वास टाकणारा गुरू विरळाच. साबरमती आश्रमासाठी महात्मा गांधींना संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा बुवांनी नारायण मोरेश्वर खरे यांना धाडले. पुढे १९३० च्या दांडीयात्रेतही खरे चालले. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले आणि तेथे पुढे कुमार गंधर्व घडले. नारायणराव व्यासांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचला. वर्गात पुस्तकावरून गाणे शिकवल्याने कलावंत घडत नाहीत, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई व तो सर्वस्वी निराधार नव्हता. हौशी वर्गांपुरता तो खराही असेल. उपदेशक वर्गातून निघालेल्या या नामावलीपुढे मात्र तो टिकत नाही.

१९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले आणि पुढे त्यासाठी भव्य वास्तू उभी राहिली. तिचे कर्ज मात्र जलशांच्या उत्पन्नातून फिटेना. याच सुमारास बुवांचे चित्त रामभक्तीत अधिकाधिक रमू लागले आणि व्यवहाराकडे दुर्लक्ष होत गेले. अखेर कर्जापोटी वास्तू लिलावात गेली. ज्या संस्थेसाठी गावोगाव फिरून पै-पै जमविली, ती डोळ्यांदेखत हातची गेली. बुवा नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात राहू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांनी देह ठेवला.

इमारत गेली तरी शिष्य विखुरले नाहीत. १९३१ सालीच त्यांनी एकत्र येऊन अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. नगरच्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर आजही याच मंडळाचे नाव असते. गंधर्व नाटक मंडळीत नामवंत नट झालेल्या विनायकरावांनी रंगभूमीचा त्याग केला आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

बुवांच्या अनेक अपत्यांपैकी दत्तात्रेय हा एकच मुलगा मागे राहिला होता. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांची विद्या देण्याचे काम विनायकरावांनी आणि नारायणराव व्यासांनी अंगावर घेतले. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला बसला. ज्या पंजाबात वडिलांनी पहिले विद्यालय उघडले होते, त्याच भूमीत द. वि. पलुस्कर या नावाने त्याचे गायन प्रथम गाजले.