स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी १८५९ – २ ऑक्टोबर १९२७) हे स्वीडिश भौतिक-रसायनशास्त्रज्ञ होते. नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. सूक्ष्मजीव एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाऊ शकतात, या जुन्या कल्पनेला त्यांनी गणिताची जोड दिली. त्यामुळे ती प्रयोगाने पडताळता येऊ लागली.

जीवन

अऱ्हेनियस यांचा जन्म उप्साला शहराजवळील विक येथे झाला. त्यांचे वडील जमीन मोजणीचे काम करीत. क्षारांच्या द्रावणांतून वीज कशी वाहते, या विषयावरील प्रबंध त्यांनी १८८४ साली उप्साला विद्यापीठात सादर केला. परीक्षकांनी त्यास अगदी खालची श्रेणी दिली. विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी मात्र त्याचे महत्त्व ओळखले व ते अऱ्हेनियस यांना भेटण्यासाठी उप्सालाला आले. पाण्यात विरघळताच क्षारांचे विद्युतभारित आयनांमध्ये विचरण होते, हा या कार्यातून विकसित झालेला सिद्धांत पुढे सर्वमान्य झाला आणि त्यासाठीच त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा पृथ्वीच्या तापमानावर होणारा परिणाम त्यांनी १८९६ साली गणिताने मांडला. १९०५ पासून ते स्टॉकहोम येथील नोबेल भौतिक-रसायन संस्थेचे संचालक होते.

पॅनस्पर्मिया

जीवसृष्टीची बीजे अवकाशात सर्वत्र विखुरलेली आहेत, या मतास पॅनस्पर्मिया म्हणतात. अऱ्हेनियस यांनी १९०३ साली एका लेखात व नंतर १९०६ च्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. सूर्याचे गुरुत्वाकर्षण कणाच्या वस्तुमानावर, तर प्रकाशाचा दाब त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. त्यामुळे सुमारे ०.०००२ मिलिमीटर व्यासाच्या बीजाणूवर प्रकाशाचा दाब मात करू शकेल, असे त्यांचे गणित होते. हवेच्या प्रवाहाने उंच गेलेले बीजाणू विद्युतभारामुळे वातावरणाबाहेर फेकले जातील आणि २० दिवसांत मंगळाची, ८० दिवसांत गुरूची, तर १४ महिन्यांत नेपच्यूनची कक्षा ओलांडतील, असा अंदाज त्यांनी वर्तवला. द्रवरूप हायड्रोजनमध्ये, उणे २५२ अंश सेल्सियस तापमानात, २० तास ठेवलेले बीजाणू जिवंत राहिल्याचे प्रयोग त्यांनी पुराव्यादाखल दिले.

पडताळणी

अतिनील किरण हा या मांडणीतील कच्चा दुवा ठरला. हवा नसल्यास प्रकाश बीजाणूंना मारक ठरणार नाही, अशी अऱ्हेनियस यांची धारणा होती. परंतु कोरडे बीजाणू निर्वातात व कडाक्याच्या थंडीतही अतिनील किरणांनी मरतात, असे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेकरेल यांनी १९१० च्या सुमारास दाखवून दिले.

प्रत्यक्ष अवकाशातील चाचण्या अऱ्हेनियस यांच्या निधनानंतर झाल्या. १९८४ ते १९९० या काळात एका अमेरिकी उपग्रहावर जवळजवळ सहा वर्षे ठेवलेल्या बीजाणूंपैकी, अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेले अनेक बीजाणू जगले. २०१५ साली सुरू झालेल्या जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकस जिवाणूंच्या गोळ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर ठेवण्यात आल्या. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड गोळ्यांमध्ये वरचे थर मेले, पण त्यांच्या आडोशाने आतील जिवाणू तीन वर्षांनंतरही जिवंत होते. म्हणजेच एकटा, उघडा बीजाणू हा प्रवास करू शकत नाही. खडकाच्या आत किंवा दाट पुंजक्यात असलेला मात्र काही काळ तग धरू शकतो. अशा अवस्थेत प्रकाशाचा दाब त्याला ढकलण्यास अपुरा पडतो. त्यामुळे आज उल्कापाषाणांतून होणाऱ्या प्रवासाचा विचार प्रामुख्याने केला जातो.

सेंद्रिय संयुगांबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात १९६९ साली पडलेल्या मर्चिसन उल्कापाषाणात, तसेच जपानी यानाने २०२० साली आणलेल्या र्‍युगू लघुग्रहाच्या नमुन्यांत ॲमिनो आम्ले आढळली आहेत.

भारतात जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ साली फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. मात्र त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही.

स्मृती

चंद्रावरील एका व मंगळावरील एका विवरास अऱ्हेनियस यांचे नाव देण्यात आले आहे.