थिओडोर बोव्हेरी : एकाचे दोनच

जर्मनीतील बाम्बर्ग येथे १८६२ साली जन्मलेले थिओडोर बोव्हेरी १८९३ पासून अखेरपर्यंत व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन टोकांकडे नेणाऱ्या धाग्यांचे केंद्र म्हणजे सेंट्रोसोम. हे नाव त्यांनीच १८८८ मध्ये दिले.

नेपल्स येथे त्यांनी सागरी अर्चिनची अंडी अभ्यासली. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, तर दोन सेंट्रोसोमांचे चार होत, गुणसूत्रांची वाटणी बिघडे आणि बहुतेक भ्रूण दगावत. म्हणजे दर विभाजनास एकाचे दोनच व्हावे लागतात. कर्करोगाचे मूळही अशाच चुकीच्या वाटणीत असावे, असा तर्क त्यांनी १९१४ मध्ये मांडला.

प्रकृती खालावल्यामुळे १९१३ मध्ये त्यांनी बर्लिनच्या नव्या संस्थेचे संचालकपद नाकारले होते. १९१५ साली ते निवर्तले. त्यांच्या पत्नी, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्सेला यांनी तो ग्रंथ १९२९ मध्ये इंग्रजीत आणला.

पीएलके-४ हे विकर सेंट्रोसोमाच्या द्विगुणनास चालना देते, हे २००५ मध्ये कळले. ते फार साचले की स्वतःच्याच नाशाची खूण स्वतःवर उमटवते. त्यामुळे द्विगुणन एकदाच होते. अनेक कर्कपेशींत मात्र जादा सेंट्रोसोम आढळतात. विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे, बोव्हेरींजवळ साधने होती ती सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी.