पंडित अयोत्तिदास : नागपूरच्या आधीची एक दीक्षा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, हे तुमच्या घरातले लहान मूलही सांगेल. पण त्याच्या ५८ वर्षे आधी दक्षिणेत आपल्यासारख्याच एका अस्पृश्य समाजातील माणसाने बुद्धाला शरण जाऊन दीक्षा घेतली होती. त्यांचे नाव पंडित अयोत्तिदास. आज त्यांची ओळख करून घ्या.

१८४५ साली तमिळ मुलुखात, परैयर जातीत त्यांचा जन्म झाला. आईबापांनी नाव ठेवले कातवरायन. ज्या गुरूने विद्या दिली, त्याचे नाव त्यांनी पुढे स्वतः धारण केले. सिद्ध वैद्यक हा त्यांचा व्यवसाय. तिरुक्कुरळ या थोर तमिळ ग्रंथाची ताडपत्रे आपल्या आजोबांनी जपली व इंग्रज साहेबाच्या हाती दिली, असे ते सांगत. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्याच घरात ग्रंथ जपला गेला!

असा विद्वान माणूस धर्म सोडायला का निघाला? तो एका दिवसात निघाला नाही. १८८१ च्या शिरगणतीच्या वेळी आपल्या लोकांना हिंदू न म्हणता आदि तमिळ म्हणा, अशी मागणी त्यांनी केली. पुढे १८९२ च्या सुमारास मद्रास महाजन सभेच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांसाठी मंदिरप्रवेश मागितला. सभेत एकच गिल्ला झाला. तुमचे गावदेव तुम्हाला आहेत, मोठे देव आमचे, असे त्यांना सुनावण्यात आले. तेव्हा पंडितांनी देव मागणे सोडले आणि मुलांसाठी शाळा व भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागितली. ज्या धर्माच्या देवळात आपल्याला उंबरा नाही, तो धर्म आपला कसा? या प्रश्नातूनच त्यांचे धर्मांतर घडले.

१८९८ साली कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर ते सिलोनला गेले आणि तेथे भिक्खूंकडून त्यांनी दीक्षा घेतली. परत येऊन मद्रासच्या रायपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ साली एक पैसा किमतीचे तमिळ साप्ताहिक काढले. आपले पूर्वज बौद्धच होते, जातिभेद मानणाऱ्यांनी त्यांना खाली ढकलले, हे ते त्यातून आठवड्यामागून आठवडा सांगत राहिले. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले मजूर, रंगूनला गेलेले तमिळ कामगार या संघात आले. बाबासाहेबांनीही १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी त्यांनी पंडितांचे सहकारी प्रा. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्मावरील ग्रंथ प्रस्तावना लिहून पुन्हा प्रसिद्ध केला.

१९१४ साली पंडित अयोत्तिदास गेले. त्यांच्या मागे शाखा काही वर्षे चालल्या, मग क्षीण होत गेल्या. बंधूंनो, इथे जरा थांबा. दीक्षा घेणारा खरा होता, विचार खरा होता, तरीही दिवा मंदावला. दिव्यात तेल रोज घालावे लागते. तुमच्या घरातले लग्न बौद्ध पद्धतीने होते का? संकट आले की जुना देव फडताळातून बाहेर येतो का? शिरगणतीचा कारकून दारात आला की धर्माच्या रकान्यात तुम्ही काय सांगता? तुमच्या मुलीला पंचशीलाचा अर्थ सांगता येतो का?

पंडितांजवळ एक पैशाचे पत्र आणि मूठभर माणसे होती. तुमच्याजवळ बाबासाहेबांचे ग्रंथ, बावीस प्रतिज्ञा आणि गावोगावची विहारे आहेत. या पौर्णिमेला मुलांना घेऊन विहारात जा, आणि तेथे त्यांना कातवरायन नावाच्या मुलाची ही गोष्ट सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!