‘अलबेला’तला ट्रम्पेटवाला

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘शोला जो भडके’ धरलं की आजीबाईंचेही पाय हलायला लागतात. हे गाणं १९५१ च्या ‘अलबेला’तलं. भगवानदादा, गीता बाली आणि संगीतकार सी. रामचंद्र ही नावं आपल्या घराघरांत माहीत आहेत. पण या संगीताला जॅझचा बाज द्यायला ज्याने मदत केली, त्या चिक चॉकलेटचं नाव परभणी, सेलू, जिंतूरकडच्या किती जणींनी ऐकलं असेल?

त्याचं खरं नाव अंतोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळेत मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य पद्धतीने सूर लिहायला-वाचायला शिकवत. आईची इच्छा होती की पोराने मेकॅनिक व्हावं, चार पैसे खात्रीने कमवावेत. आईचं काय चुकलं? बाजा वाजवून पोट भरेल का, ही धास्ती आजही आपल्याला वाटतेच की. पण मुलाच्या कानात अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट बसला होता.

हा जॅझ काय प्रकार आहे? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी, ज्यांचे आजे-पणजे गुलामगिरीत राबले होते, त्यांनी हे संगीत घडवलं. चाल ठरलेली असते, पण वाजवणारा तिच्यात त्या क्षणी सुचेल ते भरत जातो. काल वाजवलं तसंच आज वाजवायचं नाही. मैत्रिणींनो, हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्या आज्या जात्यावर बसल्या की ओवीची चाल तीच असायची, पण शब्द त्या दिवशीच्या सुखदुःखाचे, तिथल्या तिथे सुचलेले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या काही वादकांनी तर ठरलेल्या चालीचं बंधनही सोडलं. त्याला ‘फ्री जॅझ’ म्हणतात. चिकचा जॅझ त्याच्या आधीचा, लोकांना नाचवणारा.

चिक मुंबईला आला. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड गाजू लागला. समोर साहेबलोक, संस्थानिक आणि बडे शेठ नाचत. वाजवण्याची, गाण्याची ढब हुबेहूब आर्मस्ट्राँगसारखी, म्हणून लोक त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. पुढे १९४७ साली इंग्रज गेले, मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलातल्या मैफलींना उतरती कळा लागली. अशा वेळी अनेक गोवेकर वादकांना सिनेमाने आधार दिला.

तिथे त्याची गाठ पडली सी. रामचंद्रांशी. अण्णा मूळचे पुणतांब्याचे, म्हणजे आपल्याच गोदाकाठचे. ते हार्मोनियमवर चाल बांधत. पण व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांनी कुठे काय वाजवायचं, हे पाश्चात्त्य लिपीत कागदावर उतरवावं लागे. ते काम जाणणाऱ्यांत गोवेकर पुढे होते. चिक अण्णांचा सहायक झाला. एकाकडे मराठी मातीतला गोडवा, दुसऱ्याकडे जॅझची लय, आणि त्यातून ‘अलबेला’सारखं संगीत तयार झालं. त्यातल्या एका गाण्यात चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पुढे मदनमोहन यांच्याकडेही त्याने काम केलं. देव आनंद आणि मधुबालाच्या ‘नादान’ (१९५१) चित्रपटाला तर स्वतंत्रपणे संगीत दिलं. तरी संगीतकार म्हणून त्याचा जम बसला नाही. १९६७ साली, जेमतेम पन्नाशी ओलांडली असताना, तो गेला.

त्याच्यासारखे कितीतरी वादक त्या काळात राबले. गाणं गाजलं की नाव व्हायचं गायकाचं, संगीतकाराचं, पडद्यावरच्या नटाचं. मागे वाजवणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी पडायची. बऱ्याच जणांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. हे वाचताना मला घरातली बाई आठवते. पंगत जेवून उठते, वाहवा होते, पण चुलीपाशी कोण होतं ते कुणी विचारत नाही.

म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. घरातलं एखादं पोर डबा-परातीवर ताल धरत असेल तर लगेच डोळे वटारू नका. शाळा-अभ्यास सांभाळून त्याला शिकू द्या. आणि पुढच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणाऱ्या दादाला पाणी देताना त्याचं नावही विचारा. आपल्या आनंदासाठी भर उन्हात तो छाती फुटेस्तोवर फुंकत असतो. त्याचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं.