रिद्धपूरच्या ताम्रपटातली वाकाटक राणी

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचे नाव पुन्हा चर्चेत आले. महानुभाव पंथाचे हे पवित्र क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सिद्धता केली ती याच गावी, आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी निवड झाली तीही याच गावाची. पण रिद्धपूरने इतिहासाला दिलेले दान एवढ्यावरच संपत नाही. लीळाचरित्राहून सुमारे आठशे वर्षे जुना एक ताम्रपट याच गावात मिळाला. तो दिला होता एका राणीने, स्वतःच्या नावाने. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, म्हणजेच विक्रमादित्य, याची कन्या. तिची आई कुबेरनागा ही नागकुळातली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भावर वाकाटकांची सत्ता होती आणि माळवा व गुजरातेत पश्चिमी क्षत्रप राज्य करीत होते. क्षत्रपांशी झुंज द्यायची, तर दक्षिणेकडचा बलाढ्य शेजारी आपल्या बाजूला असणे गुप्तांना आवश्यक होते. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी प्रभावतीचा विवाह झाला, त्यामागे हे राजकारण असावे असे बहुतेक इतिहासकार मानतात. पाटलीपुत्राच्या वैभवात जन्मलेली राजकन्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनात सून म्हणून आली.

हे वैभव फार काळ टिकले नाही. रुद्रसेनाचा अकाली मृत्यू झाला. दिवाकरसेन, दामोदरसेन आणि पुढे दुसरा प्रवरसेन म्हणून प्रसिद्धीस आलेला पुत्र, हे सारे तेव्हा लहान होते. राज्याची धुरा प्रभावतीने उचलली. पुण्यात उजेडात आलेला तिचा ताम्रपट १३व्या वर्षाचा आहे आणि त्यात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची माता म्हणवते. म्हणजे किमान तेरा वर्षे कारभार तिच्या हाती होता. नंदिवर्धनाहून दिलेल्या या शासनात कार्तिक शुद्ध द्वादशीला चनालस्वामी नावाच्या आचार्यांना एक गाव दान दिल्याची नोंद आहे.

या ताम्रपटाचे खरे मोल वेगळेच आहे. प्रवरसेनाच्या लेखांत प्रभावतीच्या पित्याचे नाव देवगुप्त असे येते. हा देवगुप्त कोण, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना झाला नव्हता. त्याला उत्तरकालीन गुप्तांपैकी एक समजून त्यांनी वाकाटकांचा काळच काही शतके पुढे ढकलला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याचा ताम्रपट वाचला गेला. त्यात गुप्तांची वंशावळ देऊन प्रभावतीने आपल्या पित्याचे नाव चंद्रगुप्त असे स्पष्ट कोरविले होते. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव ठरले आणि वाकाटक आपल्या खऱ्या काळात परतले. एका राणीने माहेरची ओळख जपली, म्हणून एका राजवंशाचा इतिहास सुधारला गेला.

ही ओळख तिने आग्रहाने जपली होती. सासरच्या राजांची नामावळ देण्याऐवजी ती आपल्या शासनांत गुप्तांची वंशावळ देते. विवाहानंतर स्त्रीने पतीचे गोत्र स्वीकारावे, असा शास्त्राचा दंडक. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. तरीही प्रभावती स्वतःचे गोत्र धारण, म्हणजे पित्याचेच, असे नोंदविते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजशासनात असा उल्लेख सापडावा, हे आजच्या वाचकालाही चकित करणारे आहे.

रिद्धपूरचा ताम्रपट प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षाचा आहे. पुत्र सिंहासनावर स्थिरावला होता, तरी माता स्वतःच्या अधिकारात दाने देत होती. हे शासन रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी, म्हणजे रामटेकला, दिले गेले. अश्वत्थनगर येथील एक शेत, शेतावरचे घर आणि कष्टकऱ्यांच्या चार झोपड्या पराशर गोत्राच्या ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नमूद आहे. हे अश्वत्थनगर म्हणजे अचलपूर परिसरातील असतपूर असावे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत. याच लेखातील एका विशेषणावरून प्रभावती शंभरी ओलांडून जगली असा अर्थ काहींनी काढला, तर इतरांना ती केवळ आशीर्वादाची रीत वाटते. काहीही असले, तरी तिने पतिनिधन पाहिले, दिवाकरसेनाला राज्यावर बसलेला बहुधा पाहिले नाही, आणि तरीही ती दीर्घकाळ उभी राहिली.

तिच्या प्रवरसेनाचाही एक ताम्रपट अमरावती जिल्ह्याने जपून ठेवला होता. १८६८च्या सुमारास अचलपूरजवळच्या चम्मक गावी शेत नांगरताना तो वर आला. भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात म्हटले असले, तरी प्रत्यक्षात नावे ४९ जणांचीच आहेत. हे भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे मानले जाते. दान बिनशर्त नव्हते. राजद्रोह, चोरी वा व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, अशा अटी होत्या. अटी मोडल्यास दान परत घेण्याचा अधिकार राजाने राखून ठेवला होता.

माता विष्णुभक्त, पुत्र शिवभक्त. महाराष्ट्री प्राकृतातील सेतुबंध हे महाकाव्य परंपरेने याच प्रवरसेनाच्या नावावर आहे. मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार महाराष्ट्री प्राकृताला वगळून करता येत नाही. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमला, नांदत होती. १९९८पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. तेथील हिस्सेबोराळा येथे मिळालेला शिलालेख शके ३८०चा आहे आणि तो सुदर्शन नावाच्या तलावाची माहिती देतो.

प्रभावतीच्या खुणा आजही सापडत आहेत. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवरील झिजलेला लेख १९८०च्या दशकात उजेडात आला. अभ्यासकांच्या वाचनानुसार तो तिच्या कन्येशी संबंधित आहे आणि आईच्या नावाने स्थापिलेल्या प्रभावतीस्वामी या देवाचा त्यात उल्लेख आहे. राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात नगरधन येथे, म्हणजे प्राचीन नंदिवर्धनात, उत्खनन केले. तेथे मातीची एक मुद्रा मिळाली. वजन जेमतेम ६.४ ग्रॅम. तीवर शंखाची आकृती आणि ब्राह्मी लिपीत राणीचे नाव आहे.

वऱ्हाडात प्राचीन इतिहासाच्या शोधासाठी दूर जावे लागत नाही. तो नांगराच्या फाळाला लागतो आणि मंदिराच्या भिंतीवर सापडतो. रिद्धपूरला जाणाऱ्याने मराठीच्या आद्य ग्रंथाबरोबर प्रभावतीचेही स्मरण करावे. पित्याचे नाव न सोडता पतीचे राज्य सांभाळणाऱ्या या राणीची साक्ष याच गावाने आपल्यापर्यंत पोहोचविली आहे.