हस्तप्रक्षालनाचे पुरस्कर्ते डॉ. सेमेलवाइस

इ. स. १८१८ मध्ये हंगेरीतील बुडा नगरीत जन्मलेले इग्नाझ सेमेलवाइस १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक झाले. तेथील दोन कक्षांपैकी सुईणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक माता दगावत. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेच्का शवविच्छेदनप्रसंगी सुरी लागून निवर्तले. त्यांच्या देहातही तीच लक्षणे आढळली. शवागारातून थेट बाळंतिणीकडे येणारे वैद्यांचे हातच मृत्यू वाहून आणतात, हे सेमेलवाइस यांना उमगले. त्या हातांत स्वतःचेही हात होते, ही जाणीव त्यांना जाळीत राहिली.

मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ वर आले. परंतु आपले हात अशुद्ध आहेत, हे मान्य करणे अनेक विद्वानांना रुचले नाही. उपेक्षेने व्यथित झालेले सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात जखम चिघळून निधन पावले. पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या कार्याने त्यांचे म्हणणे खरे ठरले.

देवापुढे जाताना आपण हात धुतो; रुग्णाजवळ व बाळंतिणीजवळ जातानाही हा नेम चुकवू नये.