सिसिली सॉन्डर्स : अखेरच्या दिवसांची वेदना शासनदरबारी नेणाऱ्या डॉक्टर

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याचा भार शासनाने उचलावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात मात्र मरणाचा टप्पा त्या आखणीतून जवळजवळ निसटूनच गेला. ज्याच्यावर आता इलाज नाही असा रुग्ण वॉर्डाच्या एखाद्या टोकाला पडून राही आणि डॉक्टरांची फेरी त्याच्यापाशी फारशी थांबत नसे. कॅन्सर झाला आहे, हे त्याला बहुधा सांगितलेही जात नसे. मरणासन्नांची शुश्रूषा करणाऱ्या मोजक्या संस्था होत्या, त्या धर्मसंस्थांच्या आणि दानशूरांच्या आधाराने चालत. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या डेम सिसिली सॉन्डर्स. आज जगभर उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर या नावाने ओळखली जाणारी वैद्यकशाखा त्यांच्याच कामातून उभी राहिली.

सिसिली यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे झाला. घर सुखवस्तू, वडील जमीन-मालमत्तेच्या व्यवसायात. रोडीन या नामांकित निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पण उंच, बुजऱ्या सिसिलींना तिथे एकटेपणच अधिक वाट्याला आले. १९३८ मध्ये त्या ऑक्सफर्डला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. अशा काळात पुस्तकांत डोके खुपसून बसणे त्यांना पटेना. १९४० मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी स्थापन केलेल्या विद्यालयात, परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. हे काम त्यांना मनापासून आवडले. पण पाठीच्या कण्याने साथ दिली नाही. परिचारिका म्हणून पात्र ठरताच त्यांना ते काम सोडावे लागले. त्या ऑक्सफर्डला परतल्या, पदवी पूर्ण केली आणि रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. याच सुमारास ख्रिस्ती श्रद्धेने त्यांच्या मनात घर केले आणि ती अखेरपर्यंत टिकली.

समाजसेविका म्हणून काम करताना त्यांची डेव्हिड टास्मा या रुग्णाशी गाठ पडली. वॉर्सातून आलेला हा चाळिशीचा पोलिश ज्यू निर्वासित लंडनमध्ये वेटरचे काम करत होता. कॅन्सर पसरलेला, जवळचे कोणी नाही, आणि आपण जगलो त्याला काही अर्थ होता का, हा प्रश्न मनाला कुरतडणारा. सिसिली त्याला नियमित भेटत राहिल्या. अशा माणसांसाठी एखादे घर असावे, जिथे वेदनाही शमेल आणि बोलायला कोणी असेल, ही कल्पना त्या दोघांच्या गप्पांतून आकाराला आली. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी टास्मा गेला. जाताना त्याने आपले पाचशे पौंड सिसिलींच्या नावे ठेवले आणि त्या पुढे उभारतील त्या घरात आपण एक खिडकी होऊन राहू, अशी इच्छा सांगून ठेवली. तेव्हा ना जागा होती, ना संस्था, ना आराखडा.

त्यानंतर सिसिली संध्याकाळी बेझवॉटर भागातील सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे त्यांनी एक साधी पण विलक्षण गोष्ट पाहिली. इतर रुग्णालयांत वेदना असह्य होऊन रुग्ण विनवणी करू लागला की मगच मॉर्फिन दिले जाई; व्यसन लागेल, या धास्तीने तेही हात आखडून. सेंट ल्यूक्समध्ये मात्र ते ठरावीक अंतराने, वेदना परत येण्याआधीच, तोंडावाटे दिले जाई. तिथले रुग्ण तळमळत नव्हते. बोलत होते, माणसांत होते. हे सर्वत्र व्हावे, असे सिसिलींना वाटू लागले. परिचारिकेचे किंवा समाजसेविकेचे म्हणणे कोण ऐकणार, हा प्रश्न होता. त्या ज्यांच्या हाताखाली काम करत होत्या ते सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सरळ सल्ला दिला, की मरणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच. तेव्हा बदल घडवायचा असेल तर आधी डॉक्टर व्हा. तिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षणाला हात घातला आणि १९५७ मध्ये, चाळिशीला टेकताना, त्या डॉक्टर झाल्या.

पुढच्याच वर्षी संशोधनवृत्ती घेऊन त्या पूर्व लंडनमधील हॅकनी येथे आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये रुजू झाल्या. तिथे त्यांनी सात वर्षे काम केले. त्यांनी एक हजाराहून अधिक रुग्णांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या, त्यांच्याशी झालेले संवाद ध्वनिमुद्रित केले. या नोंदींतून एक निष्कर्ष ठामपणे पुढे आला. मॉर्फिन योग्य मात्रेत आणि वेळच्या वेळी दिले तर रुग्ण व्यसनी होत नाही, त्याची शुद्ध हरपत नाही आणि मात्राही अमर्याद वाढवावी लागत नाही. करुणेच्या प्रांतातला मानला गेलेला विषय सिसिलींनी पुराव्याच्या प्रांतात आणला. याच रुग्णांनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. मरणासन्न माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते. घरच्यांची काळजी, पैशाची विवंचना, मनातली भीती, आयुष्याच्या अर्थाविषयीची घालमेल हे सारे त्यात मिसळलेले असते. या एकवटलेल्या दुःखाला त्यांनी समग्र वेदना मानले आणि उपचारही तसाच सर्वांगीण हवा, असे मांडले.

आता संस्था उभारण्याची वेळ आली होती. आणि इथेच त्यांनी आयुष्यातला सर्वांत दूरदर्शी निर्णय घेतला. नवे हॉस्पिस एनएचएसच्या थेट छत्राखाली नसेल, असे त्यांनी ठरवले. शासकीय यंत्रणेचे नियम, खाटांचे हिशेब आणि रुग्णालयांच्या रूढ सवयी यांत नव्या पद्धतीचा जीव गुदमरेल, हे त्यांनी ओळखले होते. मात्र शासनाशी फारकत घेण्याचा त्यांचा हेतू नव्हता. बाहेर राहून पद्धत सिद्ध करायची, तिचे शिक्षण द्यायचे आणि मग ते ज्ञान शासकीय सेवेत परत न्यायचे, असा त्यांचा क्रम होता. म्हणूनच पहिल्या दिवसापासून शुश्रूषा, संशोधन आणि अध्यापन ही तीन कामे एकाच छताखाली असावीत, हा त्यांचा आग्रह होता. न्यास, देणगीदार, लंडनच्या जुन्या व्यापारी मंडळ्या, अशा अनेक दारांत त्या गेल्या. त्याच वेळी शासनाच्या विभागीय रुग्णालय मंडळाशी बोलणी करून चालू खर्चाचा काही वाटा कराराने मिळवला. इमारत समाजाच्या पैशाची आणि रुग्णांच्या खाटांसाठी शासनाचा हातभार, हा नमुना तिथे घडला.

जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसचे दार उघडले. प्रवाशांचा पाठीराखा असलेल्या संताचे नाव त्याला दिले होते. संस्थेचे अधिष्ठान ख्रिस्ती असले तरी कोणत्याही धर्माच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसाला तिथे जागा होती. प्रवेशद्वारापाशी टास्माच्या स्मरणार्थ एक मोठी खिडकी होती. त्याच्या जाण्याला तेव्हा १९ वर्षे झाली होती.

दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, हॉस्पिसच्या परिचारिका आणि डॉक्टर रुग्णांच्या घरी जाऊ लागले. बहुतेकांना शेवटचे दिवस आपल्या घरात, आपल्या माणसांत काढायचे असतात, हे त्यामागचे साधे कारण. स्थानिक जीपी आणि शासकीय परिचारिका यांच्याशी हातमिळवणी करून हे काम चाले. त्यामुळे हॉस्पिसचे ज्ञान आपोआप शासकीय सेवेत झिरपू लागले. संशोधनही सुरू होते. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी हेरॉइन आणि मॉर्फिन यांची तुलना करून दाखवले, की तोंडावाटे दिल्यास दोन्ही सारखीच गुणकारी आहेत. ज्या देशांत हेरॉइनला औषध म्हणूनही बंदी आहे, त्यांना या निष्कर्षाने मार्ग खुला केला. मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स यांच्या मदतीने मृत्यूनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाच्या दुःखाचीही दखल घेतली जाऊ लागली.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिसिली जिथे परिचारिका आणि डॉक्टर झाल्या त्या सेंट थॉमस रुग्णालयातच मरणासन्न रुग्णांसाठी खास पथक तयार झाले. मॅकमिलन परिचारिकांचा खर्च पहिली काही वर्षे धर्मादाय संस्थेने करावा आणि नंतर तो एनएचएसने उचलावा, अशी पद्धत रूढ झाली. १९८७ मध्ये ब्रिटनने पॅलिएटिव्ह मेडिसिनला स्वतंत्र वैद्यकीय विशेषशाखेचा दर्जा दिला. बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याचा सिसिलींचा क्रम २० वर्षांत पूर्ण झाला होता, निदान ज्ञानापुरता तरी.

या साऱ्यात त्यांचे लोकशिक्षणाचे काम अखंड चालू होते. सेंट जोसेफ्समध्ये असतानाच त्यांनी परिचारिकांच्या नियतकालिकात मरणासन्नांच्या शुश्रूषेवर लेखमाला लिहिली होती. व्याख्यानांत त्या रुग्णांची छायाचित्रे दाखवत, त्यांच्या बोलण्यातून शिकलेले सांगत. मृत्यूविषयी घरात बोलणे अशुभ मानणाऱ्या समाजात शासन त्यावर पैसा खर्च करणार नाही, कारण तशी मागणीच कोणी करणार नाही, हे त्यांना कळले होते. दयामरणाच्या कायद्याला त्यांनी जाहीरपणे विरोध केला. पुरेशी शुश्रूषा मिळाली तर मरण मागण्याची वेळ फार थोड्यांवर येते, असे त्यांचे मत होते. त्या मताशी मतभेद असणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण वेदनाशमनाची सोय आधी हवी, हा त्यांचा मुद्दा त्या वादाच्या दोन्ही बाजूंना टाळता येत नाही.

१९६३ पासून त्या अमेरिकेत व्याख्याने देऊ लागल्या. येल विद्यापीठातील परिचर्या विभागाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड त्यांच्या विचारांनी भारावल्या आणि अमेरिकेतील हॉस्पिस चळवळीच्या अग्रणी झाल्या. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये शिकून गेलेले सर्जन बॅल्फर माउंट यांनी कॅनडात हे काम सुरू केले आणि त्याला पॅलिएटिव्ह केअर हे नाव दिले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. १९९७ पासून पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र काम करू लागले.

मात्र भारतात सिसिलींच्या पद्धतीचा कणा असलेले औषधच अडचणीत आले. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे जाळे विणले, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. ती गाठ सैल करण्यासाठी संसदेला २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. दरम्यान केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे शासकीय धोरण स्वीकारून ग्रामपंचायतींपर्यंत गृहसेवा नेली. तिथे आधी गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले आणि शासन त्यांच्यामागून आले. लोकशिक्षण आणि शासनाचा आधार यांचा संबंध त्याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

सिसिलींच्या खासगी आयुष्यावरही या कामाची छाया होती. सेंट जोसेफ्समधील अँटोनी मिख्निएविच या पोलिश रुग्णावर त्यांचा जीव जडला होता. १९६० मध्ये तो गेला आणि ते दुःख त्यांनी बराच काळ वागवले. १९८० मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी विवाह केला. मारियान १९९५ मध्ये वारले. मधल्या काळात सन्मान आले: १९८१ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी स्वतः उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर्समध्येच अखेरचा श्वास घेतला. त्यांना स्तनाचा कॅन्सर होता. जी शुश्रूषा त्यांनी हजारोंना मिळवून दिली, तीच त्यांच्याही वाट्याला आली.

त्यांच्यामागे काम संपले नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांना उपशामक सेवा आपल्या आरोग्य यंत्रणेत सामावून घेण्याचे आवाहन केले. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने ही सेवा उपलब्ध करून देणे स्थानिक आरोग्य मंडळांचे कर्तव्य ठरवले. तरीही ब्रिटनमधील प्रौढांच्या हॉस्पिसांचा सुमारे एक-तृतीयांश खर्चच शासनाकडून येतो. उरलेला दुकाने, धावण्याच्या शर्यती आणि मृत्युपत्रांतील देणग्यांतून उभा करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ही सेवा लागणाऱ्यांपैकी केवळ १४ टक्क्यांपर्यंतच ती पोचते. लंडनला किंवा दुबईला नोकरी करणाऱ्या मुलाला नाशिकमधल्या आईसाठी मॉर्फिन कुठे मिळेल याची चौकशी करावी लागते, तेव्हा तो या उरलेल्या ८६ टक्क्यांच्याच रांगेत उभा असतो. वेदना शमवण्याची विद्या सिसिली सॉन्डर्स यांनी अर्ध्या शतकापूर्वी सिद्ध करून ठेवली. ती प्रत्येकाच्या घरापर्यंत नेण्याची जबाबदारी मात्र शासनाची आहे, आणि त्या जबाबदारीची आठवण शासनाला करून देत राहणे समाजाच्या हाती.